सहाव्या पायरीवरचं एक वर्ष

ब्रेटन मिल्स, मॅसॅच्युसेट्स
१३ नोव्हेंबर

सौ. इडालिनाताईस,

धाकट्या गिलचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच वाकून).

तुझी आणि दाजींची प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो. दाजींच्या गुडघ्याला फ्लोरिडाचं ऊन मानवलं का? इथून जाताना ते म्हणाले होते की गुडघ्याला औषध नको, फक्त ऊन पाहिजे. त्याला नऊ वर्षं झाली. एवढ्या उन्हात आमच्या अख्ख्या गल्लीचे गुडघे बरे झाले असते. आमचं बरं चाललंय. लिओनोर ठणठणीत आहे आणि मी तसा नाही असं तुला कळवायला सांगते आहे, पण ते सोड. माझं डोकं पूर्वीसारखंच आहे, म्हणजे असतं कुठेतरी, फक्त खांद्यांवर असेलच असं नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला अडवतेस आणि विचारतेस, मुद्दा काय. कागदावर तुला तसं करता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. मुद्दा आहे. येईल.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातला एक रविवार. आपल्या सेंट एल्मो क्लबाच्या हॉलमध्ये आम्ही चौदा-पंधरा म्हातारे टीव्हीसमोर बसलो होतो. पोर्तुगालच्या लीगचा शेवटचा दिवस. एक चिमुकला संघ होता, कुठल्याशा मासेमारीच्या गावचा. तो हरला असता तर वरच्या वर्गातून खालच्या वर्गात गेला असता. अगदी शेवटच्या मिनिटाला त्यांच्या एका टकल्या बचावपटूने बसायच्या जागेने गोल केला (चेष्टा नाही, चेंडू त्याला मागून येऊन लागला) आणि संघ वाचला. टीव्हीतलं सगळं गाव रडायला लागलं. मग आमच्यातला एकेक जण रडायला लागला. त्या गावात आमच्यापैकी कोणी कधी पाय ठेवलेला नाही. आपला अध्यक्ष अँब्रोझ पाशेकुसुद्धा रडला. या माणसाने चाळीस वर्षं कवळ्या बनवल्या आणि भावनेला दातात जागा नसते असं तो नेहमी म्हणतो, त्यावरून तू समज.

त्याच्या मागोमाग आपल्या इथल्या व्यावसायिक लीगचा सामना लागला. ओल्ड पोर्ट नावाचा संघ, गुणतक्त्यात सगळ्यांत शेवटी, चार-शून्यने हरला. हरल्यावर त्यांचे खेळाडू हसत हसत शर्ट बदलत होते. मी विचारलं, हे कोणी रडत का नाहीत? अँब्रोझ डोळे पुसत म्हणाला, "कशाला रडतील? पुढच्या वर्षी इथेच असणार आहेत. शेवटचे आले काय, पहिले आले काय, जागा मालकाने विकत घेतलेली आहे."

ताई, तुला या खेळातलं काही कळत नाही (पोटचा पोरगा चौदा वर्षं आमच्या गोलात उभा आहे तरीही), म्हणून एवढंच सांगतो. बाकीच्या जगात हरणारा संघ एक पायरी खाली येतो आणि जिंकणारा एक पायरी वर जातो. अगदी एखाद्या कुरणात खेळणारा संघसुद्धा, वर्षानुवर्षं जिंकत राहिला तर, राजधानीतल्या स्टेडियमपर्यंत पोचू शकतो. आपल्या देशात तसं नाही. इथे वरच्यांना पडायची भीती नाही आणि खालच्यांना चढायची वाट नाही. ज्या देशात कोणीही काहीही होऊ शकतो असं आपल्या आजोबांना बोटीवर सांगितलं होतं, त्या देशात.

मी त्या दिवशी घरी चालत आलो. गाडी क्लबाच्या दारात राहिली ते दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. चालता चालता मी आपल्या संघाला वर न्यायला लागलो होतो. सेंट एल्मो, सगळ्यांत खालची सातवी पायरी. पहिल्या वर्षी सहावी. मग दोन वर्षं तिथेच, कारण घाई बरी नाही. चौथ्या वर्षी पाचवी. असं करत करत अकराव्या वर्षी आपण पहिल्या पायरीवर आणि लॉस एंजेलिसहून एक लांबलचक बस कोव्ह स्ट्रीटच्या वळणावर अडकलेली. मिलच्या मागचं आपलं मैदान, नदीवरून येणारं धुकं, आणि जगातले महागडे खेळाडू आपल्या कपडे बदलायच्या खोलीत रांग लावून उभे, कारण गरम पाण्याचा नळ एकच. लिओनोर त्यांना केलच्या पाल्याचं सूप वाढते आहे. त्यांच्यातला सर्वांत प्रसिद्ध खेळाडू आणखी वाढा म्हणतो आणि ती म्हणते, आधी वाटी रिकामी कर. हे सगळं मला इतकं स्पष्ट दिसत होतं की मी आमचं घर ओलांडून पुढे गेलो.

नंतरच्या आठवड्यात मी क्लबात प्रस्ताव मांडला: खरी लीग ऐकत नसेल तर आपण आपली करू. मिल बंद झाली तेव्हा कामगारांचे पितळी बिल्ले टांगायचा फळा आपल्या हॉलमध्ये आला होता, सात ओळी आणि शेकडो खिळे. त्याच्यावर देशातले संघ टांगायचे. सामने खरे, निकाल खरे, फक्त चढणं-उतरणं आमचं. प्रत्येक लीगमधले वरचे दोन एक ओळ वर, खालचे दोन एक ओळ खाली, आणि याला अपवाद नाही. अँब्रोझ म्हणाला, "आणि हे कोणाला कळवायचं?" मी म्हणालो, कोणालाच नाही. तो म्हणाला, "मग हरकत नाही." एकमताने मंजूर झालं.

एकशे अठरा लाकडी पाट्या लिओनोरने रंगवल्या. तिचं अक्षर चांगलं आहे, हा तिचा गुन्हा. साठाव्या पाटीला ती म्हणाली, "गिल, लोकांचे नवरे दारू पितात." मला ती तक्रार वाटली नाही, थोडी खंत वाटली.

पहिल्या वर्षी आपण आपल्या लीगमध्ये दुसरे आलो. यात दुआर्तेचा वाटा मोठा, हे तुला आई म्हणून सांगायला हवं. मासळीच्या गोदामात दिवसभर बर्फात हात घालणारा तुझा मुलगा रविवारी त्याच हातांनी असे चेंडू अडवायचा की समोरचा खेळाडू दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा राहायचा. शेवटच्या सामन्यानंतर मी शिडीवर चढलो आणि सेंट एल्मोची पाटी सातव्या ओळीतून काढून सहाव्या ओळीत टांगली. चार इंच. मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि त्यानंतर जे झालं त्यात अग्निशमन दलाची गाडीही होती. गावातून मिरवणूक निघाली. आमच्या छोट्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी आली, 'सेंट एल्मो सहाव्या श्रेणीत'. कसली श्रेणी, कोणी दिली, हे त्या वार्ताहर मुलीने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. पाद्रीबाबांनी प्रवचनात उल्लेख केला. न्हाव्याने आठवडाभर सहाव्या श्रेणीचे केस कापले. प्रत्यक्षात, ताई, काहीही बदललं नव्हतं. पुढच्या वर्षी आम्ही त्याच सात संघांशी त्याच मैदानांवर खेळणार होतो. पण सामन्याला पूर्वी सत्तावीस माणसं यायची (त्यातला एक कुत्रा), ती आता दोनशे यायला लागली. ज्याला वर जाता आलं त्याला खालीही येता येतं, हे लोकांना कळलं होतं. ते आपल्याकडे जपून बघायला लागले, काचेचं काहीतरी नेताना बघतात तसं.

आता ओल्ड पोर्टबद्दल. ते त्या वर्षी पुन्हा शेवटचे आले, आणि नियमाप्रमाणे मी त्यांची पाटी पहिल्या ओळीतून दुसऱ्या ओळीत आणणार होतो. ही बातमी कशी कोण जाणे त्यांच्या पाठीराख्यांपर्यंत पोचली. अँब्रोझला फोन आला. एक बाई म्हणाली, आम्ही बस करून येतो. अँब्रोझ मला म्हणाला, "आता मार खा." आम्ही खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या.

चार तासांचा प्रवास करून एकेचाळीस माणसं आली. सगळ्यांच्या दंडावर काळी फीत. त्यांची म्होरकी मार्गो डेलव्हेकिओ, कोर्टात लघुलेखक आहे, पन्नाशीची, ताठ. ती मला म्हणाली, "अकरा वर्षं आम्ही शेवटचे किंवा शेवटून दुसरे येतोय. दर जानेवारीत मालक आम्हाला कॅलेंडर पाठवतो, 'नवी पहाट' म्हणून. अकरा पहाटा झाल्या. काका, आम्हाला एकदा नीट पडायचंय."

मी विचारलं, मालकाला काहीच वाटत नाही का? ती म्हणाली, "त्याचा गाद्यांचा कारखाना आहे. त्याला पडण्याची भीती का वाटेल?"

मी शिडीवर चढलो. खाली सगळे टोप्या काढून उभे. मी पाटी काढली आणि खाली टांगली, आणि ती माणसं रडली. पोटभर रडली. एक थोराड माणूस अँब्रोझच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होता आणि अँब्रोझ त्याची पाठ थोपटत त्याच्या दातांकडे बघत होता. मग लिओनोरने सूप आणलं, बरोबर शोरिसू सॉसेजचे तुकडे आणि गोड पाव, आणि ते सगळे असे जेवले, जणू बऱ्याच वर्षांनी जेवत होते. निघताना त्यांनी त्यांचं एक संथ गाणं म्हटलं. मार्गो दारात थांबून म्हणाली, "आता आमच्या हरण्याला काहीतरी अर्थ आला." मी म्हणालो, पुन्हा या.

हे सांगायचं कारण, ताई, की दुसऱ्या वर्षी ते आले.

दुसरं वर्ष आपल्याला वाईट गेलं. आपला मुख्य आक्रमक लग्न करून न्यू हॅम्पशायरला गेला. जो राहिला त्याचा घोटा गेला. दुआर्ते एकटा किती अडवणार? ऑक्टोबरच्या शेवटी हिशेब असा झाला की शेवटच्या रविवारी, म्हणजे गेल्या आठवड्यात, कॉर्डेज एफ.सी. या दोरखंडवाल्यांच्या संघाशी बरोबरी केली तर सहावी पायरी टिकते, आणि हरलो तर गेली. गावात आठवडाभर कोणाचं कामात लक्ष नव्हतं. बेकरीत माणसं पाव घ्यायला यायची आणि विचारायची, "दुआर्ते झोपतोय ना नीट?" जणू त्याच्या झोपेवर धरण बांधलेलं होतं. ओल्ड पोर्टची बस आली. मार्गोने या वेळी काळ्या फिती आणल्या नव्हत्या. म्हणाली, अपशकुन नको.

सहाशे माणसं होती. मी कधी एवढी माणसं आपल्या मैदानावर बघितली नव्हती, फक्त स्वप्नात बघितली होती, आणि स्वप्नात ती जरा नीटनेटकी होती. ऐंशी मिनिटं शून्य-शून्य. दुआर्तेने तीन चेंडू असे काढले की कॉर्डेजचा प्रशिक्षक खाली बसून गवत उपटायला लागला. मग एक लांब चेंडू आला. त्यांचा एक उंच गडी एकटाच सुटला. दुआर्ते बाहेर धावला, पुढे झेपावला आणि त्याने चेंडू छातीशी धरला. माझ्या शेजारी लिओनोरने टाळी वाजवली.

शिटी वाजली. गोलकीपरला चेंडू हातात धरायचा तो त्या मोठ्या चौकोनाच्या आत, हे तुलाही माहीत असेल. दुआर्तेचे हात चुन्याच्या रेघेच्या बाहेर होते, हातभर. आणि नसता धरला तर गोल नक्की होता, म्हणून लाल कार्ड. दुआर्तेने खाली रेघेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हातमोजे काढले आणि बाहेर गेला. त्याच्या जागी आपला एक नळजोडणीवाला उभा केला. फ्री किक त्याच्या डोक्यावरून गोलात गेली. एक-शून्य.

हॉलमध्ये शिडी आधीच लावून ठेवली होती, ती कोणी लावली माहीत नाही. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा अँब्रोझने माझी बाही धरली. हळूच म्हणाला, "गिल, व्यवहाराने बोलू. फळा आपला, खिळे आपले. यंदा लीगचा विस्तार झाला म्हणू. यंदापुरतं कोणी खाली जात नाही. कोण विचारणार आहे?"

आणि खरं सांगतो, मला ते पटलं. पटलं म्हणजे आत कुठेतरी एकदम उबदार वाटलं. अकराव्या वर्षीची ती लॉस एंजेलिसची बस वळणावर थांबलेली मला दिसली. मग भिंतीपाशी मार्गो दिसली. ती माझ्याकडे बघत नव्हती, फळ्याच्या दुसऱ्या ओळीकडे बघत होती, तिच्या संघाच्या पाटीकडे. मी अँब्रोझला म्हणालो, "बाही सोड, माझा तोल जाईल." वर चढून मी पाटी काढली आणि सातव्या ओळीत टांगली. तेच चार इंच. चढताना कमी वाटले होते. ओल्ड पोर्टवाल्यांनी टोप्या काढल्या आणि ते आपलं संथ गाणं म्हणायला लागले, या वेळी आमच्यासाठी. अँब्रोझ त्यात सगळ्यांत मोठ्याने रडत होता, तेव्हा मी त्याला माफ केलं.

इथे पत्र संपवायला हरकत नव्हती. पण मुद्दा अजून आलेला नाही.

मैदानाच्या रेघा मी मारतो. बावीस वर्षं मारतोय. दोन टोकांना खुंट्या ठोकायच्या, मध्ये दोरी ताणायची आणि दोरीच्या कडेने चुन्याची गाडी ढकलत न्यायची. त्या रविवारी सकाळी धुकं होतं. नदी दिसत नव्हती, मिलची चिमणी अर्धीच दिसत होती, आणि सगळं मैदान असं दिसत होतं की त्याच्या पलीकडे काय वाट्टेल ते असू शकेल. मी दोरी ताणली नाही. मला वाटलं, बावीस वर्षांचा हात आहे. आणि चालता चालता मी अकराव्या वर्षात गेलो. कपडे बदलायच्या खोलीत दुसरा गरम नळ बसवायचा की नाही यावर माझा आणि अँब्रोझचा वाद चालला होता, आणि मी म्हणत होतो, नको, रांगेतच मजा आहे.

सोमवारी, सुट्टी घेऊन, मी मोजायची फीत घेऊन मैदानावर गेलो. चुना अजून पुसला नव्हता. रेघ दोन्ही टोकांना बरोबर आहे. मध्ये, नेमकी जिथे दुआर्ते झेपावला तिथे, ती गोलाकडे वाकली आहे, बावीस इंच. एखाद्याने वाटेत डबकं चुकवावं तशी. ताई, दुआर्तेचे हात जिथे होते तिथे ते असायला हवे होते. तो चौदा वर्षं त्या गोलात उभा आहे, त्याला रेघ बघावी लागत नाही. जागेवर होता तो. रेघ जागेवर नव्हती.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर अँब्रोझ त्याच दिवशी लीगकडे अर्ज करेल, सामना पुन्हा होईल, आणि पाटी पुन्हा वर जाईल. त्या माणसांनी टोप्या काढल्या होत्या त्याचं मग काय? असं मी स्वतःला समजावतो. चांगलं कारण आहे. दिवसातून चार-पाच वेळा मला ते पटतंही. पण दुआर्ते हॉलमध्ये आलेला नाही. बेकरीतली बाई त्याला पाव देताना म्हणते, "धर बाबा, पण रेघेच्या आत धर." सगळे हसतात, तोही हसतो, आणि पाव घेऊन जातो. परवा मी त्याच्या मागे रांगेत उभा होतो. मीही हसलो.

असो. दाजींना नमस्कार. थंडी पडायला लागली आहे, तुमच्याकडे नसेल. कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहील अशी आशा करतो.

तुझा,
गिल

ता. क. तू दर रविवारी दुआर्तेला फोन करतेस. या रविवारी करशील तेव्हा हे तूच त्याला सांगावंस अशी विनंती आहे. तू आई आहेस, तुला ते मऊ करून सांगता येईल. रेघ वाकडी होती एवढंच म्हण. कोणी मारली हे त्याने विचारलं तरच सांग.

ता. क. २. लिओनोरने पत्र वाचलं. मी पाकीट चिकटवलं नव्हतं ही माझी चूक. ती म्हणते, एकसष्ट वर्षांचा माणूस पंधराशे मैलांवरच्या बहिणीकडून भाच्याला निरोप पाठवतो, आणि भाचा तीन गल्ल्या सोडून राहतो. तिने माझा कोट दारातल्या खुर्चीवर ठेवला आहे. मी जाऊन येतो. पत्र तोवर टेबलावर राहील.

ता. क. ३. जाऊन आलो. दुआर्ते मागच्या अंगणात हातमोजे धूत होता. मी सगळं सांगितलं, दोरीपासून नळापर्यंत. तो धूत राहिला. मग म्हणाला, "मामा, मला माहीत आहे. त्याच दिवशी सगळे हॉलमध्ये गेल्यावर मी पावलांनी मोजलं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस? लोक तुला काय काय म्हणतायत.

तो म्हणाला, "बोललो असतो तर सामना परत झाला असता. मग आपल्यात आणि त्या गादीवाल्यात फरक काय? पडलो ते पडलो. आणि रेघ वाकडी असली तरी डोळ्यांसमोर होती, मामा. मी बघितली नाही."

त्याने मोजे दोरीवर वाळत घातले. मला निरोप देताना म्हणाला की एप्रिलमध्ये पहिल्या सामन्याच्या सकाळी तो लवकर येणार आहे, दोरीचं दुसरं टोक धरायला. मी म्हणालो, गोलकीपरने सामन्याआधी आराम करावा. तो म्हणाला, "तुम्ही एकटे निघालात की कुठे पोचता ते मला बघायचं नाही."

तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. या रविवारी फोन करशील तेव्हा त्याला काही सांगू नकोस. हवापाण्याचं बोल. आणि एप्रिलमध्ये दाजींचा गुडघा परवानगी देईल तर दोघं या. आम्ही सातव्या पायरीवर आहोत. त्याच्या खाली पायरी नाही, त्यामुळे जागा शोधायला त्रास पडणार नाही.